अफू कमिशनच्या रिपोर्टचं रिप्रिंट मागवलं त्याचा अनुभव: मजकूर पाच स्टार, पुस्तक दोन

आधी किंमत आणि माल सांगतो मग बाकीचं. हिंदुस्थानातल्या अफूची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन ओपियमचा रिपोर्ट सात खंडांचा आहे, त्यातला मुंबईच्या साक्षी असलेला खंड मी ऑनलाइन मागवला, हार्डकव्हर, कुरिअर धरून चौदाशे साठ रुपये. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही पण हे असले जुने सरकारी रिपोर्ट स्कॅन करून ऑर्डर आली की छापून देणारे आता बरेच आहेत, सगळ्यांना लागू पडेल असंच लिहितोय.

मी सव्वीस वर्षं बेळगाव भागात सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. खानावळी, लॉज, सलून, बेकऱ्या, मोरी कुठं उघडते, टाकीला झाकण आहे का, भिंतीला चुना कधी मारलाय, खोलीला खिडकी किती, हेच बघत फिरलो. त्यामुळं इंग्रजांच्या काळात अफू ओढायची लायसन्सवाली घरं होती आणि त्यांनाही नियम होते हे कळल्यावर मला राहवेना. त्या खोलीत शिरून इन्स्पेक्टरनं नक्की काय बघायचं, हा एकच प्रश्न मनात घेऊन मी हा खंड उघडला.

पुस्तक बारा दिवसांनी आलं. बाहेरून देखणं, मरून रंगाचं कव्हर, सोनेरी अक्षरं. आत मात्र मूळ पान मोठं असावं आणि यांनी ते ए-फाइव्हच्या आसपास बसवलंय, त्यात दोन कॉलम, म्हणजे अक्षर मुंगीएवढं झालंय आणि चष्मा लावून वर भिंग धरावं लागतं. स्कॅन करताना घडीची पानं कुणी उलगडलीच नाहीत, त्यामुळं तक्त्यांची उजवी बाजू सरळ कापली गेलीय, जिल्ह्याचं नाव दिसतं आणि आकडा गायब. बरं प्रत्येक प्रश्नाला नंबर आहे आणि नंबर ओळीनं जातात म्हणून पान गळलं की लगेच कळतं, माझ्या प्रतीत अकरा पानं नाहीत. मी हे पुस्तक आल्यावर नवव्या दिवशी मोजलं आणि रिटर्नची मुदत सात दिवसांची होती. तीन मेल केले, उत्तर एकच, जुनं पुस्तक आहे त्यामुळं दोष असणारच. अहो जुनं पुस्तक मूळ, हे तुम्ही गेल्या महिन्यात छापलंय, त्याची पानं मोजून द्यायची जबाबदारी तुमचीच ना!

आता मजकुराचं. कमिशनचे अध्यक्ष लॉर्ड ब्रॅसी, एकूण नऊ सभासद, त्यात आपले दोनच, दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई. सातशेच्या वर साक्षीदार तपासले, कलकत्त्यापासून फिरत फिरत १८९४च्या फेब्रुवारीत मुंबईला आले. मागची गोष्ट अशी की १८९१च्या एप्रिलमध्ये पार्लमेंटात जोसेफ पीज यांनी अफूचं उत्पन्न नीतीला धरून नाही असा ठराव मांडला आणि त्या बाजूनं १६० विरुद्ध १३० मतं पडली, तेव्हापासून सरकारला काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

वाचायला लागलं की एक गोष्ट सारखी पुढं येते, अफू खाणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा. खाणारा म्हणजे म्हातारा, शेतकरी, दम्याचा पेशंट, घरात मान असलेला माणूस. ओढणारा म्हणजे वाया गेलेला. खाण्याबद्दल साक्षीदार आजोबांच्या औषधाबद्दल बोलावं तसं बोलतात, मलेरियावर चांगली, थंडीवर चांगली. आमच्याकडंही होतंच की, माझ्या आजीच्या वेळी बाळ रात्री झोपत नसेल तर खसखशीची, म्हणजे अफूच्याच झाडाची, बोंडं उकळून पाणी द्यायचे, बाळगुटीच्या सहाणेशेजारीच ती बोंडांची पुरचुंडी असायची. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका अफू घातलेली बाळागोळी देऊन पोराला झोपवून कामावर जायच्या. ते वाईटच होतं, पण त्याला कुणी अड्डा म्हणत नव्हतं. ओढण्याची मात्र सगळ्यांनाच लाज.

ओढायचे प्रकार दोन, मदक आणि चंडू. मदक म्हणजे अफू पाण्यात उकळून गाळून त्यात भाजलेली पानं, पेरूची नाहीतर विड्याची, मिसळून गोळ्या करायच्या आणि चिलमीवर ओढायच्या, गरिबाचा माल. चंडू म्हणजे उकळून गाळून आटवलेला दाट अर्क, सळईच्या टोकावर घेऊन दिव्यावर शेकायचा, मग नळीच्या तोंडाशी बसवून कुशीवर आडवं होऊन ओढायचा. आता माझ्या नजरेनं बघा. माणसं आडवी, म्हणजे चटया आणि उशा, एकाच्या अंगाखालची दुसऱ्याच्या अंगाखाली. दिव्याची ज्योत हलता कामा नये, म्हणजे खिडकी बंद, वारा नाही. नळी एक आणि तोंडं पंधरा. थुंकी चटईच्या कडेला. आणि नळीत राहिलेला जळका थर खरवडून परत विकायचा, त्यातही मॉर्फीन उरतंच, तो घेणारा सगळ्यात गरीब. जर्मन डॉक्टर कॉखनं क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखवला होता हो, कमिशन बसलं त्याच्या अकरा वर्षं आधी. पण खंड पालथा घातला तरी साहेबी नाकाला रुमाल लावून केलेलं वर्णनच जास्त सापडतं, त्या नळीचं काय करायचं यावर कुणी थांबून विचारत नाही. दुकानाचा ठेका कुणाला, माल सरकारी गोदामातला की चोरीचा, सरकारला किती आले, इथं मात्र प्रश्नावर प्रश्न.

आणि यातला सगळ्यात मोठा मुद्दा माझ्यासारख्याच्या काळजाला लागतो तो असा. कमिशन यायच्या एक-दोन वर्षं आधीच सरकारनं लायसन्सवाल्या दुकानात बसून ओढायला बंदी केली होती. अफूला विरोध करणाऱ्या मिशनऱ्यांना बरं वाटलं, कागदावर चंडूखाने मिटले. झालं काय, तीच माणसं तोच दिवा घेऊन कुणाच्या तरी घरी जमायला लागली, वर्गणी काढून, आणि त्याला नाव क्लब. लायसन्स होतं तोवर निदान दारावर पाटी होती, कुणाला तरी आत जाऊन भिंत, गर्दी, पोरंसोरं बघायचा हक्क होता. पाटी काढली तसा तो हक्कही गेला. आमच्याकडं २००७ साली कर्नाटकात अरक, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली तेव्हा मी नोकरीत होतो, दुकानं बंद झाली, मग कुठल्या दाराशी जाऊन काय तपासायचं हे कुणी सांगेना, म्हणून हे पान मी दोनदा वाचलं. अफू ओढण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात वेगळा कायदा आला तो थेट १९३६ साली, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच, पुढं मुंबई राज्यात, १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे हा आपल्याही गावाचा कायदा होता.

खंड वाचून भूक भागली नाही म्हणून बाहेरच्या देशांचंही शोधलं. सिंगापुरात सरकारच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा अफूचा होता, ठेकेदारी मोडून १९१० पासून सरकारनं स्वतःच चंडू बनवून विकायला घेतला. तिथं डॉ. सिम्पसन, जे आधी कलकत्त्याचे हेल्थ ऑफिसर होते, यांचा १९०७चा स्वच्छतेचा रिपोर्ट आहे, त्यात चाळवजा घरांतल्या बिनखिडकीच्या कप्प्यांबद्दल आणि क्षयाबद्दल स्पष्ट लिहिलंय, घरांमागून गल्ल्या काढा, हवा खेळू द्या. अगदी आपल्या खात्यातला माणूस. शांघायच्या परकीय वसाहतीत तर कुठलं अफूघर आधी बंद करायचं हे १९०८ पासून चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आणि तैवानात जपान्यांनी १८९७ साली लायसन्स माणसालाच दिलं, डॉक्टरनं तपासून हा खरंच व्यसनी आहे म्हटलं तरच, नोंद दीड लाखाच्या वर गेली. ती योजना मांडणारे गोतो शिंपेई स्वतः डॉक्टर, स्वच्छता खात्याचे प्रमुख. त्यांनीही अफूचा पैसा सोडला नाही हे खरं, पण निदान रजिस्टरमध्ये त्या माणसाचं नाव तरी होतं. आपल्याकडं रजिस्टरमध्ये दुकान. मला हे फार लागलं, कारण मीही इतकी वर्षं फॉर्मवर खोलीचं मापच लिहिलं, आत झोपणाऱ्या पोराचा खोकला लिहायला रकाना नव्हता.

कमिशननं शेवटी काय म्हटलं, तर बहुतेक लोक बेतानं अफू घेतात, औषधापुरती सोडून बाकी बंद करायची गरज नाही. हेन्री विल्सन या एकाच सभासदानं विरोधात वेगळं मत लिहिलं. ते मत जरूर वाचा, शेवटच्या रिपोर्टाबरोबर आहे, ते वाचल्यावर साक्षी परत वेगळ्या दिसतात.

तर घ्यायचं का? मजकूर म्हणून हो, शंभर टक्के, इतिहासवाल्यांनी, वकिलांनी, आरोग्य खात्यातल्या पोरांनी तर नक्की. पण हार्डकव्हर रिप्रिंट घेऊ नका. हे रिपोर्ट स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत, माझ्या मुलीनं शोधून दिले, त्यात घडीची पानंही काही ठिकाणी नीट उलगडलेली आहेत. माझी गळलेली अकरा पानं तिथंच मिळाली. ती आणि कापलेले तक्ते मी खडेबाजाराच्या बाजूच्या एका झेरॉक्सवाल्याकडं नेले. छोटं दुकान, दोन मशीन, नवरा-बायको दोघं बघतात. ताईंनी आधी एक पान काढून दाखवलं, म्हणाल्या, “काका, हे असंच मारलं तर काळं येतंय बघा, जरा थांबा की ओ,” आणि स्वतः बसून प्रत्येक पानाची काळी कड साफ केली, तक्ते ए-थ्रीवर काढून घडी घालून दिले. मग माझं ते मरून पुस्तक उसवून अकरा पानं जागच्या जागी घालून पुठ्ठ्याचं बायंडिंग, सगळे मिळून तीनशे चाळीस. एक पान उलटं लागलं होतं, सांगितल्यावर एक शब्द न बोलता परत करून दिलं.

पूर्ण खंड तिथंच छापून घेतला असता तर ए-फोरवर, वाचता येईल अशा अक्षरात, मला वाटतं हजाराच्या आत झाला असता. आता शेवटचा रिपोर्ट, विल्सनच्या मतासकट, त्यांच्याकडंच टाकतोय. दोन प्रती एकदम काढल्या तर बायंडिंगला थोडं कमी लावते म्हणाल्यात ताई, बेळगाव, निपाणी, खानापूर कडच्या कुणाला हवी असेल तर खाली लिहा, शनिवारपर्यंत थांबतो.