सॅमनचे ‘ग्लो’ चमचे आणि माझे 34,080 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो: 34,080. घरी, पोलीस ठाण्यात, बँकेत, जिथे जिथे सांगितला तिथे समोरच्याने हसू दाबत एकच विचारलं, “मासे पकडायच्या चमच्यांसाठी?” हो, चमच्यांसाठी, म्हणजे गळाला लावायच्या चमच्याच्या आकाराच्या, पत्र्याच्या नकली आमिषांसाठी. ज्याने जन्मात गरी टाकली नाही त्याला कळणार नाही.

मुलगी व्हँकुव्हरला असते. ऑगस्टात जायचं ठरलं होतं आणि जावईबापूंनी समुद्रात सॅमन मासा पकडायला बोट सांगून ठेवली होती. आता बोट त्यांची, रॉड त्यांचा, आणि सासऱ्याने आमिषही त्यांच्याच डब्यातून उचलायचं? तिकडे एकेक चमचा पाच-सातशेच्या घरात जातो आणि एका रंगावर भागत नाही. खोल पाण्यात हिरवा-पिवळा, हेरिंग या छोट्या माशासारखा दिसावा म्हणून निळा-पांढरा, ढगाळ पहाटेसाठी ग्लो, म्हणजे अंधारात चमकणारा, नदीत चढलेल्या माशासाठी अंड्यांचा गुलाबी-नारिंगी. नदीत शिरल्यावर सॅमन खाणं जवळपास सोडतो, चिडून झडप घालतो, म्हणून तिथे भडक रंग. हे सगळं वाचून, समजून खरेदीला निघालो होतो. उगाच भोळा म्हणून कोणी हिणवू नये.

इन्स्टावर जाहिरात दिसली: एक्स्पोर्ट सरप्लस, 24 चमचे, यूव्ही आणि ग्लो, 7,340 रुपये. पत्ता नागपूरच्या इतवारीचा. आपल्या गावचा माणूस, म्हटलं. बोलायला तर असा गोड की विचारू नका: “काका, टेन्शन काहून घेता, मी आहो ना!”

मी विचारलं, साठ-सत्तर फुटांवर कोणता रंग लावायचा? तो म्हणाला, “लाल. खोलात लालच चमकते.” इथेच फोन ठेवायला पाहिजे होता. पाण्यात सगळ्यात आधी मरतो तो लालच. थोडं खाली गेलं की तो काळपट दिसतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा, हिरवा-निळा टिकतो. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट, आणि मी “अच्छा” म्हणालो! रात्री हे आठवलं की अजूनही उठून बसतो. वर तो म्हणे, “गळाला डबल काटा आहे, मासा सुटणारच नाही.” व्हँकुव्हर ज्या प्रांतात येतं त्या ब्रिटिश कोलंबियात सॅमनला बिनकाट्याचाच गळ चालतो, म्हणजे टोकाला मासा अडकवणारा उलटा काटा नसलेला, तसा नियम आहे. पण त्याच वेळी बायकोचे रिपोर्ट आणायला दवाखान्यात उभा होतो, एका कानाला हा आणि दुसऱ्या कानाशी कंपाउंडर. अशा वेळी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं?

7,340 पाठवले. मग “कस्टम” म्हणून 1,180. इतवारीतून नागपुरातच यायच्या पार्सलला कसला कस्टम, हेही नंतरच सुचलं. “माल मुंबईत अडकला” म्हणाला होता.

पार्सल आलं. अंधाऱ्या मोरीत जाऊन टॉर्चचा झोत मारला, कारण ग्लो रंगाला आधी उजेड पाजावा लागतो. टॉर्च बंद केला. मिट्ट काळोख. नखाने खरवडलं तर हिरवा रंग पापुद्र्यासारखा निघून आला, खाली पत्रा. एक चमचा रात्रभर बादलीत ठेवला. सकाळी कडीला गंज आणि पाण्यावर हिरवट तवंग. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नाही.

फोन केला तर पठ्ठ्या भांडलासुद्धा नाही. “काका, पूर्ण 8,520 रिफंड करतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा.” केला. 8,520 आले नाहीत, गेले. “सिस्टममध्ये अडकले, आता दोन्ही मिळून 17,040 येतील, पुन्हा करा.” हातात आलेलं सुटतंय या घाईत तेही केलं, 17,040 ही गेले. पिन फक्त पैसे देताना टाकतात, घेताना कधीच नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. आणि असं झालं तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, ठाण्यात नंतर. मी उलटं केलं.

ठाण्यात अर्ज घेतला नाही. “सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, पोर्टलवर भरा. पोर्टलवर भरून प्रिंट घेऊन गेलो तर “आता ठाण्यात जा.” एक साहेब चमच्याचा फोटो बघून विचारतात, “याने भाजी वाढायची का?” बँकेत “होम ब्रँचला जा”, होम ब्रँचमध्ये “पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही”, आणि बाहेर पडेपर्यंत मोबाइलवर मेसेज: आमच्या सेवेला किती तारे द्याल? कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता दिला. इतवारीत जाऊन पाहिलं, तिथे बांगड्यांचं दुकान आहे आणि मालकाला गळ म्हणजे काय हेही ठाऊक नाही. पोलिसांना हाच पत्ता दिला तर म्हणतात, “तपास सुरू आहे.” कोण करतंय? मीच करतोय!

चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. तो रात्रीतून मेसेज पुसतो. माझे निम्मे गेले.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, नाव नवीन. आता “मरळ स्पेशल किट, 4,999”. निळ्या ट्रेमध्ये तीन रांगा, डावीकडून दुसऱ्या चमच्याची कडी वाकडी. हा ट्रे दिसला की पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून मला द्या. पुढच्या वेळी ठाण्यात तेच घेऊन जाणार आहे.