झाकण अस्सल, आतलं मशीन भलतंच

शुक्रवारी रात्री नऊला घड्याळाला पूर्ण चावी देऊन ते टेबलावर ठेवलं. रविवारी सकाळी चालू होतं. संध्याकाळी पाहतो तर काटे दोन वाजून वीस मिनिटांवर थांबलेले. म्हणजे जेमतेम ४१ तास. मी ज्या मशीनचे पैसे मोजले होते, ते ७० तास चालतं.

जपानच्या सेइको कंपनीने १९६५ मध्ये आपलं पहिलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं, घड्याळ काढलं. २०२० मध्ये त्याच धाटणीचं नवं आलं, २०० मीटर खोलीपर्यंतचं. ते सेकंड हँड मिळतंय म्हटल्यावर मी हरखून गेलो. विकणाऱ्याने मागच्या झाकणावरचा नंबर, बिल, अंधारात चमकणाऱ्या खुणा, सगळं न मागता दाखवलं. ‘मशीन ओरिजिनल, एकदाही उघडलेलं नाही,’ असं मेसेजवर लिहूनही दिलं. झाकणाच्या खाचांपाशी बारीक ओरखडे होते. वापराचे असतील म्हणून मी सोडून दिले, आणि तिथेच चुकलो. हातावर घालून झाकणाच्या खाचा झिजत नाहीत. तिथे हत्यार घसरलं की असे ओरखडे उठतात.

चावी कमी पडली असेल म्हणून पुढच्या आठवड्यात साठ वेळा फिरवून पुन्हा मोजलं. तेच, ४१ तास. मग घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडून भिंगातून मला क्रमांक दाखवला: एनएच३५. असायला हवं होतं ६आर३५. दोन्ही ताशी २१,६०० ठोके देणारी, त्यामुळे सेकंद काट्याची चाल सारखीच. दोन्हींना हाताने चावी देता येते. मशीन एनएच३५ वाईट नाही, पण ते स्वस्त घड्याळांत बसवतात. या घड्याळाचं मूळ मशीन काढून कुणीतरी वेगळं विकलं असणार.

मला जास्त हादरवलं ते पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी रिंगने. झाकण परत लावताना ती आट्यांत सापडून एका जागी कापली गेली होती. काका म्हणाले, “हे घालून पाण्यात उतरू नका हो, हात धुतानाही काढून ठेवा.” मी त्याच आठवड्यात पोहायला जाणार होतो.

असं घड्याळ घेत असाल तर झाकणावरच्या नंबरावर जाऊ नका, तो नंबर झाकणाचा आहे. आतल्या मशीनचा क्रमांक वाचता येईल असा फोटो मागा, किंवा भरवशाच्या कारागिरासमोर उघडून घ्या आणि बंद केल्यावर पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्या. कधी उघडलेलं नाही म्हणून आता उघडायचं नाही, हे कारण ऐकून घेऊ नका. मला तेच सांगितलं होतं.

विकणाऱ्याला क्रमांकाचा फोटो पाठवला. “चालतंय ना घड्याळ?” एवढं उत्तर आलं, आणि नंतर माझा नंबर ब्लॉक झाला.