फुकट मिळणारी, पण खुशामत न करणारी : आयपीआयपी-निओ व्यक्तिमत्त्व चाचणी

आयपीआयपी-निओ ही व्यक्तिमत्त्व चाचणी इंटरनेटवर विनामूल्य देता येते, तिच्यासाठी खरे नाव सांगावे लागत नाही, आणि शेवटी पडद्यावर येणारा अहवाल वाचून बहुतेकांची थोडीशी निराशा होते. ही निराशा मी चाचणीच्या जमेच्या बाजूस धरते. असे का, हे सांगण्यापूर्वी मी या चाचणीकडे कशी वळले ते थोडक्यात सांगायला हवे, कारण तुलनेसाठी दुसरा एक अहवाल माझ्या टेबलावर होता.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन विषयांत एटीकेटी लागल्यावर घरच्यांनी त्याला एका करिअर मार्गदर्शन केंद्रात नेले. केंद्राने साडेचार हजार रुपये घेऊन चोवीस रंगीत पानांचा अहवाल दिला. त्यात त्याला चार इंग्रजी अक्षरांच्या एका ‘प्रकारा’त बसवले होते, त्याच प्रकारात मोडणाऱ्या म्हणून काही जगप्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे होती, आणि ‘तुमच्यात मोठी क्षमता आहे, मात्र तिचा तुम्ही अजून पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही’ अशी वाक्ये होती. घरातील सर्वांना अहवाल तंतोतंत वाटला. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे मला बर्ट्रम फोरर आठवला. १९४८ साली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक वर्णन ठेवले. वर्णन कितपत जुळते, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिलेले होते, आणि त्यातील बरीच वाक्ये वृत्तपत्रांच्या स्टॉलवर मिळणाऱ्या फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. न वापरलेल्या क्षमतेचे वर दिलेले वाक्य फोररच्या यादीत जवळजवळ याच शब्दांत आहे. भाच्याला मी ती यादी वाचायला दिली आणि त्यानंतर आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे आयपीआयपी-निओ दिली.

या चाचणीची घडण समजली की तिचा कोरडेपणाही समजतो. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासाची एक मोठी वाट शब्दकोशातून गेलेली आहे. माणसे एकमेकांमध्ये जे भेद महत्त्वाचे मानतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतात, या धारणेने ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. (आपल्याकडे असा उद्योग कोणी केला, तर धांदरट, कामसू, चेंगट, आरंभशूर, भिडस्त अशा शब्दांनी किती वह्या भरतील याचा विचार मी अनेकदा करते.) पुढील काही दशकांत संख्याशास्त्राच्या साहाय्याने या गर्दीतून पाच मोठे घटक हाती लागले : बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती, जबाबदार नेटकेपणा, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. या पाचांवर आधारलेली कोस्टा आणि मॅक्रे यांची २४० विधानांची १९९२ची ‘निओ’ प्रश्नावली संशोधनात फार वापरली जाते, पण तिचे हक्क राखीव असल्याने ती विकत घ्यावी लागते. म्हणून ऑरेगनच्या लुईस गोल्डबर्ग यांनी कोणालाही मुक्तपणे वापरता येतील अशा विधानांचा साठा (इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल, म्हणजेच आयपीआयपी) उभा केला. त्यातून पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे जॉन जॉन्सन यांनी आधी ३०० विधानांची आणि नंतर १२० विधानांची चाचणी रचली. मी येथे परीक्षण करत आहे ते या छोट्या आवृत्तीचे. तिच्याविषयीचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला.

चाचणी द्यायला मला अठरा मिनिटे लागली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते पाच पर्यायांतून निवडायचे असते. विधाने छोटी आणि साधी आहेत : मी दिलेला शब्द पाळतो, वस्तू जागेवर ठेवायला विसरतो, कामाला लागणे मला जड जाते, मला चटकन राग येतो. उत्तर देताना आपण कोणता घटक मोजू देत आहोत हे लपून राहत नाही, आणि येथेच पहिली मर्यादा समोर येते. स्वतःसाठी प्रामाणिकपणे चाचणी देणाऱ्याला हा उघडेपणा सोयीचा आहे. परंतु नोकरीच्या मुलाखतीआधी हीच विधाने पुढे आली, तर आपण वस्तू जागेवर ठेवत नाही असे कोणता उमेदवार लिहून देईल?

दुसरी मर्यादा मला अधिक गंभीर वाटते. चाचणी इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी येणाऱ्यालाही ती अमेरिकी घरात बसून लिहिलेली आहे हे पदोपदी जाणवते. आपल्या खोलीत पसारा असतो का, असे एक विधान विचारते. भाचा वसतिगृहात तिघांबरोबर राहतो. त्या खोलीतला पसारा कोणाचा, यावर तेथे रोज वाद होतो. दोन खोल्यांत पाच माणसांच्या घरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थिनींना तर ‘माझी खोली’ हे शब्दच परके आहेत. मोठ्या पार्ट्या आवडतात का, हा प्रश्न माणसांत मिसळण्याची आवड मोजण्यासाठी आहे. गणेशोत्सवाचे दहा दिवस मंडपातून न हलणारा आणि लग्नघरात चार दिवस आधी जाऊन राहणारा माणूस ‘पार्टी’ या शब्दाला नकार देईल आणि एकलकोंडा ठरेल. सर्वांत विनोदी भाग खुलेपणाच्या एका उपघटकात आहे. तेथे आपण उदारमतवादी उमेदवाराला मत देतो की परंपरावादी, असे विचारलेले आहे. महाराष्ट्रातील मतपत्रिकेवर हा भेद नेमका कोठे शोधायचा, हे मला अठरा मिनिटांत ठरवता आले नाही. मी मधला पर्याय निवडला, आणि भाच्यानेही.

ही केवळ भाषांतराची अडचण नाही. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजातील ६३२ प्रौढांचा गुर्वेन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा हे पाच घटक तेथे नीट वेगळे झालेच नाहीत. तो निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत पाच घटक बऱ्यापैकी लागू पडतील असे मला वाटते, पण वरच्यासारखी विधाने जशीच्या तशी मराठीत आणून गावोगावच्या शाळांत वाटणाऱ्याने आधी थांबावे. राज्य मंडळाने काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली होती. ती आवडीनिवडीची होती, स्वभावाची नव्हे, आणि हा फरक पालकसभेत समजावून सांगताना माझा घसा बसला होता.

आता अहवालाविषयी. पाच घटक आणि प्रत्येकाचे सहा उपघटक, असे एकूण तीस उपघटक त्यात येतात. प्रत्येकासमोर एक आकडा असतो. आपल्याच वयाच्या व लिंगाच्या शंभर जणांत आपण साधारण कितव्या जागी बसतो, हे तो सांगतो. खालच्या तीस टक्क्यांना कमी, मधल्या चाळीस टक्क्यांना मध्यम आणि वरच्या तीस टक्क्यांना जास्त म्हटलेले असते, आणि कमी म्हणजे वाईट नव्हे हेही बजावलेले असते. अहवालात ना छायाचित्रे आहेत, ना प्रकारांची नावे. मला बहुतेक घटकांत मध्यम गुण मिळाले आणि क्षणभर वाईट वाटले, हे कबूल करते. परंतु बहुसंख्य माणसे मध्याच्या आसपासच असतात. चार अक्षरांच्या प्रकारांत नेमकी येथे कात्री चालते : रेषेच्या किंचित अलीकडचा माणूस अंतर्मुख आणि किंचित पलीकडचा बहिर्मुख ठरतो, आणि महिन्याभराने पुन्हा चाचणी दिली की अक्षर बदलू शकते. चार अक्षरांच्या त्या प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणीच्या प्रकाशकांनीही ती नोकरभरतीसाठी वापरू नये, असे स्वतःच सांगितलेले आहे. आपल्याकडील केंद्रांनी हे वाचलेले दिसत नाही.

सहा आठवड्यांनी मी चाचणी पुन्हा दिली. पाच मोठ्या घटकांचे आकडे थोडेफार इकडेतिकडे झाले, पण उपघटकांत मोठी हालचाल दिसली. चिंतेचा आकडा अडतीसवरून पंचावन्नवर गेला होता. त्या आठवड्यात माझ्याकडे बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. चार विधानांवर एक उपघटक मोजला जात असल्याने असे होणारच. म्हणून छोट्या आवृत्तीतील उपघटकांच्या आकड्यांवर फार भार टाकू नये, आणि ज्याला त्यांतच रस आहे त्याने तासभर काढून ३०० विधानांची आवृत्ती द्यावी.

आता कळीचा प्रश्न : या आकड्यांचा अभ्यासाशी, कामाशी आणि सुखाशी संबंध किती? येथे ही चाचणी भाग्यवान आहे, कारण पाच घटकांवर संशोधनाचा ढीग आहे. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जबाबदार नेटकेपणा हा एकच घटक सर्व प्रकारच्या व्यवसायांत कामगिरीशी जोडलेला आढळला. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली ७०,०००हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. शैक्षणिक यशाशी याच घटकाचा संबंध सर्वांत ठळक निघाला, आणि तो बुद्धिमत्तेपासून बराचसा स्वतंत्र होता. शाळेतील गुण हिशेबात घेतल्यानंतरही महाविद्यालयीन यशाच्या अंदाजात या घटकाने बुद्धिमत्तेइतकीच भर घातली.

हे वाचून मार्गदर्शन केंद्रे हर्षभरित होतात, पण संबंधाचा आकार कोणी सांगत नाही. शैक्षणिक यशाच्या बाबतीत तो सुमारे ०.२२ आहे (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). व्यवहाराच्या भाषेत, नेटकेपणात वरच्या अर्ध्या भागात असलेल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी साधारण सत्तावन जण गुणांतही वरच्या अर्ध्या भागात असतील. निव्वळ नाणेफेकीने पन्नास असते. हजारो अर्जदारांतून निवड करणाऱ्या संस्थेला हा सात जणांचा फरक मोलाचा ठरू शकतो. एका मुलाने कोणती शाखा घ्यावी, हे त्यावरून सांगणे मात्र भविष्य सांगण्यासारखेच आहे. नोकरीतील समाधान आणि कामगिरी यांचीही हीच गत आहे. जज आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ३१२ नमुन्यांवरून काढलेला संबंध ०.३०च्या आसपास आहे. तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण समाधानामुळे काम चांगले होते की चांगले काम झाल्याने समाधान मिळते, हे त्या आकड्यावरून उलगडत नाही.

सुखासमाधानाच्या बाबतीत चाचणी थेट काही मोजत नाही. भावनिक अस्थिरता कमी आणि बहिर्मुखता अधिक असलेली माणसे सरासरीने अधिक समाधानी आढळतात, एवढे संशोधनातून दिसते. पण स्वभाव म्हणजे समाधान नव्हे. ज्याला तेच पाहायचे असेल त्याने एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची जीवनसमाधान मापनश्रेणी जोडीला घ्यावी. तीही विनामूल्य आहे, तिच्यात फक्त पाच विधाने आहेत, प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे असतात आणि बेरीज ५ ते ३५ यांच्या दरम्यान येते. २० हा मध्यबिंदू. भाच्याची बेरीज १७ आली. केंद्राच्या चोवीस पानांत त्याला कसे वाटते आहे, हे विचारणारी एकही ओळ नव्हती.

गुण द्यायचेच तर या चाचणीला मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा गुण भाषेसाठी आणि एक गुण परक्या विधानांसाठी कापला आहे. अठरा वर्षांवरील, इंग्रजी सहज वाचणाऱ्या आणि स्वतःविषयी कुतूहल असलेल्या व्यक्तीने ती अवश्य द्यावी, आणि अहवाल पडद्यावर येताच जतन करून ठेवावा. मुलांची तुकडीनिहाय विभागणी करू पाहणाऱ्या शाळेने किंवा बढती ठरवणाऱ्या कार्यालयाने तिच्या वाटेला जाऊ नये. मन खरोखर खचलेले असेल, तर चाचणीऐवजी डॉक्टरांकडे जावे. ही चाचणी आजार ओळखण्यासाठी नाही.

भाच्याच्या अहवालात एक जागा मात्र खरोखर उपयोगी पडली. जबाबदार नेटकेपणाच्या सहा उपघटकांत ध्येयाची ओढ ८१ आणि स्वयंशिस्त १४ असे त्याचे आकडे होते. तो हसून म्हणाला, “मावशी, आजी मला पहिलीपासून आरंभशूर म्हणते, तिने कुठे पैसे घेतले?” त्याचे म्हणणे रास्त होते. तरी आजीच्या शब्दात शेरा होता, आणि येथे त्याच शब्दाचे दोन भाग वेगळे होऊन समोर आले होते, ज्यांतला एक शाबूत होता. स्वभावाला औषध नसते असे आपण म्हणतो. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तपासलेल्या २०७ अभ्यासांत मात्र समुपदेशन व इतर उपायांनी सरासरी चोवीस आठवड्यांत स्वभावाचे घटक काही प्रमाणात बदललेले दिसले, सर्वाधिक भावनिक स्थैर्याच्या बाबतीत. स्वयंशिस्तीसाठी आम्ही तेवढी वाट न पाहता साधा मार्ग घेतला. वसतिगृहाजवळच्या अभ्यासिकेत महिना नऊशे रुपयांची खुर्ची लावली, आणि संध्याकाळी सहाला त्याला तेथे ओढून नेण्याची जबाबदारी खोलीतल्या मित्राने घेतली आहे.