प्रोटॉन किलोत मोजायचाय? निस्टची साइट वापरून बघा

बीएस्सीच्या मुलांना न्यूक्लिअर फिजिक्स शिकवताना मी सगळ्यात जास्त उघडते ती निस्टची साइट. निस्ट म्हणजे मोजमापाची मानकं सांभाळणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तिथे मूलभूत स्थिरांकांचा एक वेगळा विभाग आहे. फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. दिसायला जुनाट आहे, पण तिथे मी काही सजावट बघायला जात नाही. प्रोटॉनचं वस्तुमान शोधलं की १.६७२ ६२१ ९२५ ९५(५२) × १०^-२७ किलोग्रॅम असा आकडा समोर येतो. कंसातले ५२ म्हणजे शेवटच्या दोन अंकांतली अनिश्चितता. आकडा कुठपर्यंत खरा मानायचा हे आकड्यानेच सांगितलेलं असतं, आणि मला ही साइट आवडते ती त्यासाठी.

एकक बदलून देणाऱ्या साइट्स नेटवर ढिगाने आहेत. त्यातल्या एकीवर पौंड, औंस, कॅरट यांच्याच रांगेत अणुवस्तुमान एककही होतं. १ यू (हेच ते एकक) टाकलं, किलोग्रॅम निवडलं, उत्तर आलं ०. दशांशाची घरं संपली की शून्य दाखवून मोकळं व्हायचं!

निस्टवर रूपांतराचं वेगळं पान आहे. किलोग्रॅम, ज्यूल, इलेक्ट्रॉनव्होल्ट, यू, शिवाय हर्ट्झ आणि केल्विनसुद्धा, यातल्या कशातूनही कशात जाता येतं. वस्तुमान आणि ऊर्जा एकाच तक्त्यात बघून मुलं आधी बिचकतात. पण प्रोटॉन ९३८.२७२ एमईव्हीचा (म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा) असं आपण सर्रास म्हणतो, त्यात सी-वर्गाने, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने, भागणं गृहीत धरलेलं असतं, हे या पानावर आकडे फिरवून बघितले की लवकर गळी उतरतं.

आता मुख्य गोष्ट. किलोत रूपांतर करायचं ते सगळ्यात शेवटी. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं केंद्रक; सुट्या कणांच्या बेरजेपेक्षा त्याचं वस्तुमान जितकं कमी भरतं, तितकी त्याला बांधून ठेवणारी बंधनऊर्जा. ती काढायला सांगितली की निम्मा वर्ग आधी सगळं किलोत नेतो आणि दोन दशांशांवर आणून ठेवतो. प्रोटॉन १.६७, न्यूट्रॉन १.६७, ड्यूटेरॉन ३.३४, सगळे × १०^-२७ किलोग्रॅम. बेरीज ३.३४, वजाबाकी शून्य. बंधनऊर्जा शून्य म्हणजे ड्यूटेरॉन अस्तित्वातच नाही! भरलेला उसाचा ट्रॅक्टर काट्यावर घालून ड्रायव्हरच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीचं वजन काढण्यातला हा प्रकार. साइटवरचे यूमधले पूर्ण अंक घेतले तर १.००७ २७६ ४६७ आणि १.००८ ६६४ ९१६ यांच्या बेरजेतून २.०१३ ५५३ २१३ वजा करून ०.००२ ३८८ १७० यू उरतात. १ यू म्हणजे ९३१.४९४ एमईव्ही, म्हणून त्याला ९३१.४९४ ने गुणलं की २.२२४५७ एमईव्ही. किलोतच हवं असेल तर आता करा: ३.९६६ × १०^-३० किलोग्रॅम. बारावी बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे लवकर गोल करून टाकायची सवय हाताला लागूनच ही मुलं आमच्याकडे येतात. दोष त्यांचा नाही.

आणखी एक बारकावा इथे नीट दिसतो. इलेक्ट्रॉनव्होल्टपासून किलोग्रॅमकडे जाणारा गुणक १.७८२ ६६१ ९२१… × १०^-३६ आहे आणि त्यापुढे 'अचूक' असं लिहिलंय, कंसच नाही. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या किमती व्याख्येनेच ठरवून टाकल्या, प्रकाशाचा वेग त्याआधीच ठरलेला होता, त्यामुळे तिथे मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. यूपासून किलोग्रॅमचं तसं नाही. स्थिरांकांच्या शिफारस केलेल्या किमतींचा संच दर काही वर्षांनी नवा निघतो. २०१८ च्या संचात १ यू म्हणजे १.६६० ५३९ ०६६ ६०(५०) × १०^-२७ किलोग्रॅम होता, २०२२ च्या संचात शेवट ०६८ ९२(५२) असा झाला. शेवटच्या जागांवर २३२ चा फरक, आणि जुन्या कंसात होते फक्त ५०! हे दोन आकडे मी दरवर्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि काही बोलत नाही. कुणीतरी विचारतंच.

खिशात मावेल असं स्थिरांकांचं कार्डही तिथे छापून घेता येतं. प्रॅक्टिकलच्या वहीत चिकटवायला ते बरं पडतं. सगळे स्थिरांक एकत्र हवे असतील तर साधी टेक्स्ट फाइल आहे. पायथनमध्ये (प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) वाचायची तर आकड्यांमधल्या मोकळ्या जागा आणि अचूक किमतींमागची टिंबं काढून टाकावी लागतात.

तारे देते साडेचार. अर्धा कापला, कारण अणुकेंद्रकांची यादी अल्फाकणाशी, म्हणजे हेलियमच्या केंद्रकाशी, थांबते. लोखंड, युरेनियम हवं असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साइटवरच्या अणुवस्तुमानांच्या तक्त्याकडे जावं लागतं, आणि तिथले आकडे पूर्ण अणूंचे असतात. लोखंड-५६ चं केंद्रक हवं तर २६ इलेक्ट्रॉन स्वतः वजा करा. विसरलात तर सुमारे १३.३ एमईव्हीची चूक. बंधनऊर्जाच काढायची असेल तर प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा अख्खा अणू घ्या, इलेक्ट्रॉन आपोआप कटतात.