कूलर लावला की रेघ थरथरते: स्वस्तातल्या डिस्प्ले टॅबलेटचा अनुभव

सर्व्हिस सेंटरमधून माझा डिस्प्ले टॅबलेट (ज्याच्या स्क्रीनवरच पेनाने चित्र काढतात तो) परत आला आणि सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: ‘नो फॉल्ट फाउंड’. म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे साधारण एकाच जातीचे. सोळा इंची, फुल एचडी, स्क्रीनला चिकटवलेली (लॅमिनेटेड) काच, बिनबॅटरीचा पेन, पेनाच्या दाबाचे (प्रेशरचे) ८१९२ टप्पे. बाकी खोक्यावर वाचा. ८१९२ या आकड्याचं कौतुक मला आजवर कळलेलं नाही. माणसाच्या हाताला त्यातले शे-दोनशे जाणवले तरी खूप झालं.

घेतला गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास, दिवाळी अंकांची कामं अंगावर असताना. पहिलंच काम मारबतीचं निघालं. पुण्याच्या संपादकांना आधी मारबत म्हणजे काय ते फोनवर समजवावं लागलं: नागपुरात तान्ह्या पोळ्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे निघतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी असते, आणि नाही, हा काही छान छान रांगोळीवाला सण नाही. दोन पानांवर पसरलेली गर्दी होती. कागदावर ती मी तीनदा नव्याने काढली असती. इथे माणसं वेगवेगळ्या लेयरवर, हवी तशी सरकवली, शेवटच्या क्षणी संपादकांना नको असलेला बडगा उचलून बाजूला ठेवला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

हिवाळ्यात संत्र्याच्या पेटीचं लेबल केलं. तिथेही तक्रार नाही, उलट टॅबलेटने वाचवलं. संत्र्याचा रसरशीत रंग स्क्रीनवर दिसतो तसा चार रंगांच्या छपाईत येतच नाही; मॅजेन्टा आणि पिवळ्याच्या मिश्रणाला तेवढा उजेड नाही. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेसवाल्यांकडून घेतलेलं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात त्याची फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर दिसेल तसं चित्र स्क्रीनवर पाहिलं, तेव्हाच फळ मळकट दिसलं. मग फळ उजळ करण्याचा नाद सोडला आणि मागचं पान गडद निळसर केलं. शेजारामुळे संत्रं पेटलं. शेतकरी दादा म्हणाले, ‘आमच्या बागेतलं याहून चांगलं हाय.’ ते असणारच.

क्रिता फुकट आहे, हे इथेच सांगते. त्यांच्या साइटवरून उतरवलं तर एक पैसा लागत नाही; तेच विंडोजच्या स्टोअरवर पैसे देऊन मिळतं. दर महिन्याला भाडं मागणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा मला हे परवडतं, आणि ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी.

आता मुद्द्यावर. एप्रिलमध्ये मुलांच्या पुस्तकाचं काम आलं, ताडोबा-पेंचमधले प्राणी. गव्याची पाठ मी तिरक्या बारीक रेघांनी भरते, सावकाश, एकाला एक लागून. त्याच आठवड्यात कूलर लागला. आणि रेघ थरथरायला लागली. सरळ ओढलेली रेघ झूम करून पाहिली तर करवतीसारखे दाते. आधी पेन बदलून पाहिला, निब बदलली, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कूलर बंद केला की रेघ बरीच सुधारे. बाहेर ४५ अंश आणि आतल्या खोलीतून आई: ‘कूलर काहून बंद केला?’ गव्यासाठी, आई.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलाने कूलर हा शब्द तीनदा विचारला. एसी म्हणायचंय का मॅडम? शेवटी ‘इन्स्पेक्शनला पाठवा’. कुरिअरचा खर्च माझा, वरून ओरिजिनल पॅकिंगची अट. प्रत्येक वस्तूचं खोकं वर्षभर माळ्यावर सांभाळणाऱ्या आपल्या संस्कारांचा इथे उपयोग झाला. टॅबलेट गेला तितके दिवस पुस्तक थांबलं. त्यांनी त्यांच्या एसी असलेल्या, अर्थिंग असलेल्या हॉलमध्ये रेघा ओढून पाहिल्या असणार, आणि दोष नाही असा शेरा मारला. फोनवर एकाही माणसाने ‘घरात अर्थिंग आहे का’ एवढं विचारलं नाही. माझा राग टॅबलेटवर कमी आणि त्या न विचारलेल्या प्रश्नावर जास्त आहे.

तो प्रश्न विचारला इलेक्ट्रिशियनने, तोही दुसऱ्याच कामाला आला होता. कूलरच्या बॉडीला हाताची मागची बाजू लावून पाहिली (नागपुरात लहान पोरालाही हे येतं), टेस्टर लावला आणि म्हणाला, ‘ताई, सॉकेट तीन पिनचा हाय, पण तिसऱ्या भोकात कायीच नाही.’ अर्थिंगची तार खाली गंजून तुटली होती. अंगणात खड्डा, पाइप, मीठ, कोळसा असं सगळं नव्याने झालं. जाताना सांगून गेला की उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा, माती वाळली की अर्थिंग असून नसल्यासारखं.

कारण समजून घेतलं ते असं. काचेखाली बारीक तारांची जाळी असते. ती चुंबकीय लहर सोडते, पेनातली कॉइल तिच्यावरच चालते आणि उत्तर देते; म्हणून पेनाला बॅटरी लागत नाही. हा संकेत फार नाजूक. अर्थिंग नसलेल्या घरात कूलरची मोटर आणि पंप चालू असताना विजेचा जो गोंगाट होतो तो अ‍ॅडाप्टरमधून आत शिरतो, आणि पेन कुठे आहे हे जाळीला नीट कळत नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, टॅबलेटही लॅपटॉपच्या बॅटरीवरच चालवा आणि रेघ ओढा. थरथर थांबली तर कुरिअरचे पैसे वाचले.

अर्थिंगनंतर दाते गेले. इथवर लिहून मी टॅबलेटला माफ करणार होते. पण काल पुन्हा तपासलं. काचेवर पट्टी ठेवून तिरकी रेघ गोगलगायीच्या गतीने ओढली. दाते नाहीत, पण लांब, मंद लाट आहे. हा दोष घराचा नाही, जाळीचा. पेन दोन तारांच्या मध्ये असतो तेव्हा त्याची जागा हिशोबाने काढतात, आणि स्वस्त टॅबलेटमध्ये तो हिशोब जरा चुकतो. भरभर ओढलेल्या रेघेत दिसत नाही. दुकानात आपण सगळे भरभर सही करून पाहतो आणि खूश होऊन पैसे देतो. पट्टी घेऊन जा.

क्रितात यावर स्टॅबिलायझर आहे, म्हणजे हाताची थरथर गाळून रेघ सरळ करणारी सोय. लाट जाते, पण रेघ ब्रशच्या मागून ओढत आणल्यासारखी येते आणि सगळ्या रेघा एकाच गुळगुळीत वळणाच्या होतात. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांच्या चित्रातली रेघ डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यावर अडखळते, मधेच बारीक होते, आणि त्या अडखळण्यातच त्या माणसाचा अवघडलेपणा असतो. स्टॅबिलायझर पहिल्यांदा तेच पुसतो. चित्रकार दीनानाथ दलालांचंही तसंच. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्या काळातले जुने अंक मिळतील तिथून घेते, मजकूर नंतर, आधी चित्रं. पदराची कड ब्रशच्या एका दाबात जाड होऊन संपते. तो दाब मला या काचेवर अजून मिळालेला नाही. चित्रकार मुळगावकरांची स्प्रेची मऊ झिलई मात्र एअरब्रशने मिनिटात नक्कल करता येते, आणि म्हणूनच मी ती टाळते.

प्रकाशकांनी मध्ये ‘थोडं गोंड स्टाइलमध्ये करा ना’ असं सुचवलं. गोंड चित्रकार जनगढ सिंग श्याम यांच्या प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि बारीक रेघा मी तासन्‌तास बघत बसते. नागपूर वसवलं तेच मुळात गोंड राजा बख्त बुलंदने. पण ब्रशसेट उतरवून ते ठिपके शिक्क्यासारखे मारायचे असतील तर जनगढ यांच्या गावी, मध्य प्रदेशातल्या पाटणगढला चित्रकार आहेत, त्यांना काम द्या, असं कळवलं. काम माझ्याकडेच राहिलं, माझ्या रेघेत.

तर आता पद्धत अशी: रेघ कागदावर, टाकाच्या निबने आणि काळ्या शाईने, ६०० डीपीआयला स्कॅन, रंग आणि दुरुस्त्या टॅबलेटवर. क्रितातला कलराइझ मास्क रेघांमधल्या मोकळ्या जागा स्वतः भरतो, त्यात गव्याचं अख्खं पान जेवणाआधी होतं. टॅबलेट घेऊन शाईकडे परतले म्हणून मैत्रिणी हसतात. हसू द्या, निब दहा-वीस रुपयांची आहे आणि तिला ड्रायव्हर लागत नाही.

शिकायला काय, असं नेहमी विचारलं जातं. महागडे कोर्स मी घेतले नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळचं वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आजही कामाला येतं. स्मरणचित्र नसतं तर मारबतीची गर्दी जमली नसती. डोक्याच्या रचनेसाठी अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराची पद्धत, गोळा घ्या आणि बाजू कापा. यूट्यूबवर प्रोको नावाचा चॅनल ती फुकट समजावतो. आणि नागपूरचा अजब बंगला. १८६३ पासूनचं संग्रहालय, भुसा भरलेले प्राणी, हलत नाहीत, पोझचे पैसे मागत नाहीत. हलणारे हवे असतील तर महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय.

घ्यावा का? रंगकाम, स्टोरीबोर्ड, जाड ब्रशचं काम असेल तर घ्या, या पैशात वाईट नाही. बारीक हॅचिंग (रेघांनी छटा भरणं) करत असाल तर आधी पट्टीची चाचणी. काचेवरच्या खरखरीत मॅट फिल्मवर पेनाची प्लॅस्टिकची निब झिजते, पाकिटातल्या जादा निबा फेकू नका. कूलरच्या दमट हवेत तळहात चिकटतो. कंपनीचा ग्लोव्ह फाटल्यावर मी जुन्या सुती मोज्याची टाच कापून वापरते, तो जास्त चांगला चालतो. टॅबलेट लॅपटॉपला जोडायची तीन तोंडांची केबल मात्र जपा, ती सुटी मिळवायला पुन्हा त्याच मुलाशी बोलावं लागतं.