ड्रोन घेताय? फवारणीसाठी घ्यावा की सर्वेक्षणासाठी?

गावाकडे राहून ड्रोनचा धंदा करायचा तर मुख्य वाटा दोन. लग्नाचं शूटिंग मी इथे धरत नाही, त्यात गर्दी फार झाली आहे.

आधी फवारणी. १० लिटर टाकीचा ड्रोन एक एकर साधारण १० मिनिटांत उरकतो. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, इथे १० लिटरच्या आसपास भागतं. डोक्यावर गेलेल्या उसात माणसाला शिरता येत नाही, तिथे ड्रोनच हवा. कापसाचं कारण मला त्याहून मोठं वाटतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोन चालवणारा बांधावर उभा असतो, औषधाच्या फवाऱ्यात नाही. एवढ्यासाठीच कापूसपट्ट्यात मी फवारणी निवडेन.

द्राक्षाचं तसं नाही. औषध पानांच्या खालून आणि घडांत पोचायला हवं, वरून पडलेले थेंब मांडवावरच अडतात. तिथे हवेच्या झोताने औषध मारणारा ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा. शिवाय वारा सुटला की थांबावं लागतं, नाहीतर तणनाशक शेजाऱ्याच्या पिकावर जातं. एका बॅटरीत काही मिनिटंच उड्डाण होतं. म्हणून जादा बॅटऱ्या, जनरेटर, गाडी आणि एक मदतनीस हा खर्च आधीच धरा.

सर्वेक्षणाचा ड्रोन हलका, पिशवीत मावणारा. खरं काम संगणकावर: एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो जोडून नकाशा आणि उंचसखलपणा काढायचा. गिऱ्हाईक म्हणजे खाणी आणि रस्त्यांचे ठेकेदार. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून कामांचं दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. मात्र बांधाच्या भांडणात तुमचा नकाशा चालणार नाही, ती मोजणी भूमी अभिलेखचीच.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे दोन्ही धंद्यांना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते ड्रोनच्या वजनगटानुसार मिळतं, तेव्हा खालच्या वजनगटाचं प्रमाणपत्र घेऊन वरच्या गटातला फवारणीचा ड्रोन उडवता येणार नाही.

महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' या केंद्र सरकारच्या योजनेत २०२५-२६ पर्यंत किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मंजूर होतं. ते मिळत असेल तर फवारणीच धरा. इतरांनी पैसे भरण्याआधी आसपासच्या गावांत ऊस-कापूस किती एकर आहे आणि दुरुस्ती कुठे होते, याची चौकशी करावी. फवारणीच्या ऐन हंगामात ड्रोन आठवडाभर बंद पडला तर त्या वर्षाचा हप्ता निघणं अवघड.