रिसायकल कापडाची ग्रो बॅग: घेण्याआधी काट्यावर ठेवून बघा

आधी निकाल सांगून टाकतो. रिसायकल प्लास्टिकच्या धाग्याची जाड कापडी ग्रो बॅग, म्हणजे माती भरून झाड लावायची पिशवी, विदर्भातल्या परसबागेत जून ते मार्च उत्तम चालते. एप्रिल-मे मध्ये तीच बॅग डोक्याला ताप होते. विकणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांची जाहिरात पुण्या-बंगळुरूच्या गॅलरीसाठी लिहिलेली असते. ४५ अंशांत तापणाऱ्या आवाराचा त्यात हिशोबच नसतो.

या बॅगेचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. जुलैत आठ-आठ दिवस झड लागली की काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि मिरचीची रोपं उभ्या उभ्या पिवळी पडतात. कापडी बॅगेतून जादा पाणी तळातून आणि बाजूंनीही निघून जातं. दुसरा फायदा मुळांचा. प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की गोल गोल फिरत राहतं. कापडाजवळ आलं की हवेनं त्याचं टोक सुकतं आणि मागून बारीक मुळांचा झुपका फुटतो. हंगाम संपल्यावर बॅग पालथी केली तर मातीच्या गोळ्यावर पांढऱ्या तंतुमुळांची जाळी दिसते, जाड गुंडाळी दिसत नाही. जेवढी बारीक मुळं जास्त, तेवढं झाड अन्न-पाणी जास्त उचलतं.

आता खरेदीचं. इथेच बहुतेक लोक फसतात.

पहिली फसवणूक मापात. ‘१२ बाय १२ इंच’ म्हणजे १२ इंच व्यास आणि १२ इंच उंची असेल, तर बॅगेत साधारण २२ लिटर माती बसते. पण काही विक्रेते बॅग चपटी ठेवून मोजलेली रुंदी सांगतात, नर्सरीच्या पॉलिथिन पिशवीसारखी. चपटी १२ इंच असलेली बॅग उघडली की व्यास भरतो जेमतेम साडेसात इंच आणि माती बसते साधारण ९ लिटर. म्हणून लिटर विचारा. लिटर सांगता येत नसेल तर तळाचा व्यास विचारा. दोन बॅगांच्या किमतीची तुलनाही लिटरमागे करा, नगामागे नको.

दुसरी फसवणूक जाडीत. कापडाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, अशी मोजतात. कापड दुकानातल्या नॉनओव्हन (न विणता दाबून केलेल्या) कॅरी बॅगला सरकारनं सप्टेंबर २०२१ पासून किमान ६० जीएसएमची अट घातली. ग्रो बॅगेला २५० तरी हवं, ३०० असेल तर चांगलं. वेबसाइटवर काहीही छापता येतं, पण किराणा दुकानाच्या काट्याला ते कळत नाही. १२ बाय १२ च्या गोल बॅगेला साधारण ०.३५ चौरस मीटर कापड लागतं. ३०० जीएसएमचं कापड असेल तर रिकाम्या बॅगेचं वजन १०० ग्रॅमच्या वर भरलंच पाहिजे. ७० ग्रॅमच्या आसपास आलं तर ते २०० जीएसएम आहे आणि दुसऱ्या हंगामात तळ सुटणार. १५ बाय १५ ची बॅग १७० ग्रॅमच्या खाली नको.

तिसरी गोष्ट धागा. रिसायकल म्हणून तीन वेगवेगळी कापडं विकली जातात. पाण्याच्या बाटल्यांपासून बनलेलं पॉलिस्टर सगळ्यांत टिकाऊ. पॉलिप्रोपिलीन हलकं आणि स्वस्त. त्यात उन्हापासून वाचवणारं रसायन मिसळलेलं नसेल तर विदर्भाच्या उन्हात ते लवकर कुरकुरीत होतं. तिसरा प्रकार जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेल्या फेल्टचा. राखाडी रंगात लाल-निळे ठिपके दिसतात तो. त्यात सुती धागा मिसळलेला असेल तर पावसाळ्यात तो तळापासून कुजतो.

ओळखायचं असं: आतल्या शिलाईजवळचा जादा कापडाचा बोटभर तुकडा कापा. साबणाच्या पाण्यात बुडवून, दाबून त्यातली सगळी हवा काढा आणि सोडा. खाली बसला तर पॉलिस्टर, वर तरंगला तर पॉलिप्रोपिलीन. हवा नीट निघाली नाही तर पॉलिस्टरही तरंगतं, म्हणून घाई नको. शिलाईच्या दोऱ्याचंही टोक काडीनं पेटवा. वितळून कडक मणी झाला तर दोरा पॉलिस्टरचा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. असा दोरा एका पावसाळ्यातच तुटतो आणि चांगल्या कापडाची बॅगही वाया जाते.

‘रिसायकल’ हा शब्द मात्र घरी तपासता येत नाही. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचं चिन्ह असेल तर त्याला अर्थ आहे, कारण ते चिन्ह मालावर लावायला त्यात किमान ५० टक्के पुनर्वापराचा माल असावा लागतो. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर सोडून द्या.

कान, म्हणजे उचलायचे पट्टे, नीट बघा. पट्टा फक्त वरच्या काठाला टाचलेला असेल तर तो शोभेचा आहे. तो बॅगेच्या अंगावर चार बोटं तरी खाली आलेला आणि चौकटीत फुलीच्या शिलाईनं पक्का केलेला हवा. भिजलेली २२ लिटरची बॅग २० ते २५ किलो भरते. ती दोन्ही कानांना धरून, खालून हात लावूनच उचलायची. एका कानानं ओढत नेली की शिलाई गेली. रंग शक्यतो फिकट घ्या, करडा किंवा मातकट. काळा रंग ऊन पितो आणि कडेची मुळं शिजतात.

भरताना सगळ्यांत मोठी चूक म्हणजे शेतातली काळी माती जशीच्या तशी भरणं. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. बॅगेत ती आकसून कापडापासून सुटते, मधे फट पडते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर झालं. आत मुळं कोरडी असतात. २२ लिटरच्या बॅगेत वरचे दोन इंच रिकामे ठेवून साधारण १८ लिटर मिश्रण बसतं. त्यासाठी ६ लिटर चाळलेली माती, ६ लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ४ लिटर धानाचा तूस किंवा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि २ लिटर जाड रेती घ्या. वरून १०० ग्रॅम निंबोळी पेंड. भंडारा-गोंदियाकडे राईस मिलवर तूस सहज मिळतो, तिकडे कोकोपीटला पैसे घालवायची गरज नाही. वऱ्हाडात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, आहे, पण ते कुजवूनच घाला. कच्चं कुटार बॅगेत कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आलीच. पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी खतात दिसली तर ते खत बॅगेत टाकू नका.

बॅग कुठे ठेवायची? जमिनीवर थेट ठेवली तर तळातून मुळं खाली उतरतात. मग हलवताना तळही फाटतो आणि झाडही बसतं. चार विटांवर किंवा दगडांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, तापलेली भिंत संध्याकाळभर उष्णता सोडत राहते. आधाराला तुराटी-पऱ्हाटी (तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या) चालते, पण तिला उधई, म्हणजे वाळवी, लागते. उधई पॉलिस्टर खात नाही, पण काडीवरून आणि आच्छादनातून ती मुळांशी पोचते. बांबू बरा. काडी तळाच्या आरपार खुपसू नका.

आकाराचं थोडक्यात: मिरचीला १२ इंच पुरे, एका बॅगेत एकच झाड. वांगं आणि टमाटर १५ इंचांत लावा. वांग्याला १२ इंच दिलं तर झाड जगतं, पण दर दोन तासांनी मान टाकतं. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक यांना खोली नको, पसारा हवा. ९ इंच उंचीची लांबट चौकोनी बॅग घेतली की घरच्या सांबारवडीची सोय होते. हळद या बॅगेत फार छान येते, कारण गड्ड्यांना भुसभुशीत माती आणि निचरा दोन्ही लागतात. १५ इंचांच्या बॅगेत वायगावच्या हळदीचे तीन गड्डे जूनमध्ये लावा, पानं वाळली की बॅग पालथी करा. कुदळीनं गड्डे कापले जायचा प्रश्नच नाही.

पाण्याचं गणित हंगामागणिक बदलतं. पावसाळ्यात उघडीप पडली तरच. थंडीत १२ इंची बॅगेला दिवसाआड किंवा रोज लिटर-दीड लिटर. मार्चपासून सकाळ-संध्याकाळ. शेतातली उरलेली ठिबकची १६ मिलिमीटरची नळी असेल तर तासाला ४ लिटरचा एक ड्रिपर प्रत्येक बॅगेला लावा. अर्धा तास चालवला की २ लिटर मिळतात. १५ इंचीला समोरासमोर दोन ड्रिपर हवेत, एकच लावला तर अर्धी बॅग कोरडी राहते. वर दोन बोटं कुटाराचं आच्छादन. बॅग एकदा पार वाळली की मिश्रण पाणी धरत नाही, ओतलेलं पाणी लगेच खालून वाहतं. तेव्हा वरून पाणी घालत बसू नका. घमेल्यात चार बोटं पाणी घेऊन बॅग त्यात अर्धा तास ठेवा, ती खालून पाणी ओढून घेईल.

रोजच्या पाण्यानं खतही धुऊन जातं. म्हणून दर १५ दिवसांनी बॅगेमागे दोन मुठी गांडूळखत, किंवा एक भाग जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) दहा भाग पाण्यात. एकदाच भरपूर खत टाकून मोकळं होणं इथे चालत नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भानगड आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं, आणि ते कापडातून बाहेर येऊन वाळतं, म्हणून बॅगेच्या अंगावर पांढरा थर चढतो. हा थर ओला करू नका, मीठ परत आत जातं. कोरडा असतानाच नारळाच्या काथ्यानं किंवा ब्रशनं हलक्या हातानं झाडा आणि तो चुरा बागेबाहेर टाका. मग साठवलेलं पावसाचं पाणी बॅगेच्या दुप्पट मापानं, थांबत थांबत, सोडा. पानांच्या कडा करपायला लागल्या की हे करायची वेळ झाली असं समजा. जिथे पाणी खारं आहे आणि पावसाचं पाणी साठवायची सोय नाही, तिथे ही बॅग घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. कापडावरची हिरवी शेवाळ मात्र निरुपद्रवी. जाड झाली तर वाळवून झाडून टाका.

मार्च संपला की बॅगा रिकाम्या करा. मे महिन्यात रोज दोनदा पाणी घालून चार वांगी वाचवण्यात अर्थ नाही; विहिरीचं पाणी ढोरांना लागतं. त्या उन्हाचा दुसरा उपयोग आहे. बॅगेतलं मिश्रण ओलं करून फरशीवर वीतभर जाडीनं पसरा, पारदर्शक पातळ पॉलिथिन ताणून झाका आणि कडा मातीनं बुजवा. चार ते सहा आठवड्यांत मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म किडे) आणि तणाचं बी बरंच मरतं. शेतातला काळा मल्चिंग पेपर इथे तेवढा कामाचा नाही, ऊन आत शिरलं पाहिजे. पेरणीआधी त्यात नवं शेणखत मिसळा. किलोभर खतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आधीच कालवून ठेवलेली असावी, कारण उन्हानं चांगले जीवही कमी झालेले असतात.

बॅग धुण्याची पद्धत सोपी, पण क्रम महत्त्वाचा. आधी दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा, मग उलटी करून झटका. वाळलेली मुळं आपोआप सुटतात. ओली ओढली तर कापडाचे धागे निघतात, आणि तेच सूक्ष्म प्लास्टिक मातीत जातं. मग साध्या पाण्यात भिजवून हातानं दाबा. वॉशिंग मशिन नको, गरम पाणी नको. मीठ साध्या पाण्यानं जातं. चुन्याचा थर राहिला तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाण्यात तासभर. ज्या बॅगेत झाड मर रोगानं गेलं ती एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून दोनदा खळखळून धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. मर लागलेल्या बॅगेत पुढच्या वर्षी वांगं, टमाटर, मिरची, आलू यांपैकी काही लावू नका, सगळी एकाच कुळातली आहेत. चवळी किंवा मेथी लावा. धुतलेल्या बॅगा सावलीत वाळवून खुंटीला टांगा. घडी करून कोठ्यात ठेवल्या की उंदीर त्यात घर करतात, आणि रिकाम्या बॅगा आवारात पडू दिल्या तर ऊनच त्यांना खातं.

युरियाच्या रिकाम्या गोणीचं काय, हा प्रश्न गावात हमखास येतो. फुकट आहे, आणि एका हंगामाला चालते. पण ती उन्हानं सुटायला लागली की तिच्या पट्ट्यांचे तुकडे मातीत मिसळतात आणि वेचता येत नाहीत. कीटकनाशकाचं कोणतंही पोतं भाजीला वापरू नका, कितीही धुतलं तरी. एचडीपीई या जाड प्लास्टिकची हिरवी बॅग फक्त भोकांतून निचरा करते, म्हणून ओल जास्त टिकते. ज्यांना उन्हाळ्यात भाजी हवीच आहे त्यांनी ती घ्यावी आणि वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी.

जाड पॉलिस्टरची बॅग अशी जपली तर तीन-चार हंगामांना घाबरायचं कारण नाही. अंगठा दाबल्यावर कापड फाटायला लागलं की ती निवृत्त करा. उकिरड्यावर पेटवू नका. शिलाई उसवून तळाचा गोल तुकडा काढा, तो मातीच्या कुंडीच्या भोकावर बसतो. बाजूची पट्टी नव्या बॅगांखाली विटांवर अंथरा. विटेची धार कापडाला लागत नाही.